मस्कतच्या गवंड्याचं उत्पन्न

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वस्तीतली कुठलीच मुलगी तिथवर पोचली नव्हती. परभणीच्या कॉलेजात नाव लागलं, मुलींच्या वसतिगृहात खाटही मिळाली. पण शिष्यवृत्ती मंजूर झाली तरच ती टिकणार होती, आणि तिच्यासाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडील मस्कतला होते.

ते गवंडी. पालमच्या आसपास घरं बांधायचे. मुंबईच्या एका एजंटामार्फत ते तिकडं गेले आणि गावाला वाटू लागलं, आता यांच्या घरात सोन्याचा धूर निघतो. खरं तर कधीतरी, गावाकडं येणाऱ्या एखाद्या माणसाच्या हाती थोडे पैसे यायचे. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची ती जातच होती.

तलाठ्यानं दाखल्याचं ऐकताच मान हलवली. "बाप अरबाकडं, अन् पोरीला सरकारचा वजिफा पायजे? मी न्हाई लिहून देत."

कागद द्यायची मुदत सरत आली होती. मी आईला घेऊन एसटीनं गंगाखेडच्या तहसीलला गेले. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "परदेशातली कमाई म्हणलं की प्रकरण अडकतंय. तिकडच्या मालकाचा दाखला आणा, मग तो खरा की खोटा ते बघा... पोरीचं वरीस जाईल. त्यापेक्षा मी सांगतो तसं करा."

त्यानं स्वतःच अर्ज लिहिला आणि आईपुढं शाईचा पॅड सरकवला. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. पतीनं अर्जदार व तिच्या मुलीस टाकून दिलं असून त्याचा ठावठिकाणा नाही.

आईनं शाई लावलेला अंगठा मुठीत मिटला. "त्यायनी आमाला टाकलं न्हाई. कामाला गेल्यात."

"अहो बाई, नुसतं कागदावर," कारकून म्हणाला.

"कागदावर बी न्हाई."

मला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणी भरलं. "माझं कॉलेज जाईल आई," एवढंच मी म्हणू शकले. ती उठली. मला वाटलं, बसस्टँडकडं निघाली. पण ती सरळ तहसीलदाराच्या दाराशी गेली. शिपाई "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत ती आत होती.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "नवरा किती कमावतो?"

"तिकडं किती मिळतंय मला ठावं न्हाई साहेब. माझ्या घरात काय येतंय ते मला ठावं हाय. माणूस धाडा अन् बघा."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग आम्ही घरून आणलेल्या अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं : जागेवर चौकशी करावी.

चौकशीला गिरदावर आले. आमच्याकडं मंडळ निरीक्षकाला अजून निजामाच्या वेळच्या त्याच नावानं ओळखायचे. दारात अख्खं गाव गोळा झालं. त्यांनी कणगीत हात घातला, ट्रंक उघडायला लावली. ट्रंकेत वडिलांचे धुतलेले सदरे होते. बुद्धाच्या तसबिरीखाली मस्कतहून आलेला ट्रान्झिस्टर होता. तो दिसताच बाहेर कुजबूज झाली. गिरदावरांनी बटण फिरवलं. आवाज नाही.

"बिघडलाय?"

"सेल न्हाईत," आई म्हणाली. "रेडिओ आला तवा होते, ते संपले."

त्यांनी लिहून घेतलं आणि बाहेर येऊन विचारलं, "नवऱ्याच्या कमाईवर घर चालत नाही, बाई रोजानं जाते. हे खरं असेल तर पंच म्हणून सही कोण करतंय?"

कोणी हललं नाही. काल आईच्या शेजारच्या ओळीत खुरपणाऱ्या बायकाही पदर सावरत उभ्या राहिल्या. गिरदावरांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं. तेवढ्यात गर्दीतून माझे चुलते पुढं आले. त्यांच्या मुलाला मस्कतला नेलं नाही म्हणून त्यांनी वडिलांशी बोलणं टाकलं होतं. आमच्या दारातून जाताना ते तोंड फिरवायचे.

"मी करतो," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"तिचा थोरला दीर."

"घरचा माणूस चालत नाही."

चुलते वळले. "मग बाहेरचं कोणी या की! ही बाई रोज कुणाकुणाच्या रानात असती, ठावं न्हाई व्हय तुमाला?"

मग आई ज्यांच्या कापसात खुरपायला जायची ते पाटील खाली बघत पुढं आले आणि त्यांनी सही केली. त्यांच्यामागून आणखी एकजण आला.

दाखला मिळाला तो मुदतीच्या अखेरच्या दिवशी. मी धावतच कॉलेजच्या ऑफिसात शिरले, तेव्हा खिडकी बंद होत होती. तिथल्या बाबूनं तो उलटासुलटा करून बघितला, सुस्कारा सोडला आणि गठ्ठ्यात ठेवला. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण त्यासाठी अख्खा पावसाळा वाट बघावी लागली.

दिवाळीला घरी गेले तर ओसरीवर चुलते चहा पीत बसले होते. मी पाया पडले. "अभ्यास करायलीस ना?" त्यांनी विचारलं. आई आत भाकरी थापत होती. तिनं तिथूनच उत्तर दिलं, "लय करायलीय, भाऊजी. तुमी चहा घ्या."