मुकादमीण आणि आठची घंटा

मुकादमीण माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी हात. सकाळी काजूच्या शेडीच्या दारात ती उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईने दोन्ही हात तिच्यापुढे धरायचे. ती ते आपल्या हातांत घ्यायची, एकदा उलटे करायची आणि सोडून द्यायची. नाहीतर काहीतरी विचारायची. "काल जेवलंस नाय गो?" किंवा "हो चटको चुलीचो नाय. कोणी दिल्यान?" किंवा नुसतंच, "तुका ताप आसा. आज भट्टीकडे जाव नको, गर निवडूक बस." एवढं झालं की मग ती तोंडाकडे बघून हसायची.

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. आमच्या बायका बोटांना खोबरेल आणि राख चोळून बी फोडायला बसत, तरी वर्षभरात बोटांची टोकं काळी पडायचीच. मुकादमिणीचे हात तर मनगटापर्यंत काळे होते. त्या हातांनी तिने तीस-पस्तीस बायकांचा तो कारखाना चालवला. कागदोपत्री तो माझ्या वडिलांचा होता, पण वडील शेडीत यायचे ते सुपारी कातरत, आणि तिला विचारून परत जायचे. तिचं नाव सत्यभामा होतं हे मला फार उशिरा कळलं. यावरून मी किती लक्ष देणारा मालक होतो ते समजा.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठी. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी मुंबईत एका मोठ्या पेढीच्या नोकरभरती खात्यात होतो. माणसं कशी घ्यावीत, कशी वागवावीत, वेळेवर कशी आणावीत, यावर आमच्या साहेबांची व्याख्यानं ऐकून माझी वही भरली होती. ती वही घेऊन मी गावी आलो. पन्नासचं दशक संपत आलं होतं, मी तिशीचाही नव्हतो, आणि मला सगळं कळत होतं.

मुकादमिणीने मला लहानपणी कडेवर घेतलेलं. त्यामुळे बायकांसमोर ती मला 'तुमी' म्हणायची आणि एकटा सापडलो की 'तू'. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं की नवी बाई कामावर घेताना तू काय बघतेस. ती म्हणाली, "तिच्या घरी जातंय. पाणी मागतंय. पाणी कोण हाडून देता, पोराक कोण बघता, म्हातारी कशी बोलता, तां बघतंय. घर बघूचा, मगे बाईक घेवचा." मी वहीत बघितलं. वहीत तसं काही नव्हतं. मी हसलो, आणि तीही हसली. तिला वाटलं मला पटलं.

तिची ओरडण्याची जागा ठरलेली होती. कुणाचं चुकलं, बी फोडताना गराचे तुकडेच जास्त पडायला लागले, तर ती त्या बाईला "चल गो, पाणी काढूया" म्हणून मागच्या विहिरीवर न्यायची. तिथे काय बोलायची ते रहाटाला ठाऊक. परत येताना दोघींच्या डोक्यावर कळशी असायची, त्यामुळे कोण ओरडा खाऊन आली ते शेडीत कुणाला कळायचं नाही. शाबासकी मात्र भर शेडीत, मोठ्याने. मी एकदा एका बाईला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा तिने मला त्याच विहिरीवर नेलं. "ओरडाचा तां बावीर, भाऊ. बरा बोलाचा तां सगळ्यांच्या देखत. तू उलटा केलंस." कळशी मात्र माझ्या डोक्यावर दिली नाही, एवढे तिचे उपकार.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खरोखर खुपत होती. कारखाना सुरू होण्याची वेळ.

निम्म्या बायका खाडीपलीकडच्या वाडीतल्या. पूल नव्हता. भरतीला होडी चालायची. पाणी पुरतं ओसरलं की उतारातून, म्हणजे खाडीच्या उथळ वाटेने, चालत येता यायचं. पण मधल्या वेळी, पाणी समुद्राकडे ओढत असताना, होडी गाळात रुतायची आणि माणसाला चालता यायचं नाही. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, आणि ती रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे कारखानाही रोज सरकायचा. मुकादमीण तिथीवरून वेळ सांगायची. पुनवेला साडेसहाला शेड उघडी. पंचमीला साडेनऊशिवाय कुणी यायचं नाही. एकादशीला होडीने सगळ्या सात वाजता हजर. जितक्या उशिरा काम सुरू होई तितक्या उशिरा संपे, आणि मालाला कधी उशीर झालेला नव्हता. पण मुंबईहून आलेल्या माणसाला हे बघवत नव्हतं. पंचांगावर कारखाना चालवतात का कोणी!

मी मालवणच्या बंदरावर मोडीत काढलेल्या एका गलबताची पितळी घंटा विकत आणली आणि कचेरीसमोरच्या खांबाला टांगली. रोज सकाळी आठला मी स्वतः आठ ठोके देणार. ठोक्यांनंतर येईल तिच्या नावापुढे हजेरीबुकात लाल फुली. तीन फुल्या झाल्या की काम बंद. मुकादमीण म्हणाली, "खाडीक तुझी घंटा ऐकाक येता काय रे?" मी म्हटलं, ज्या बायका एकादशीला वेळेवर येतात त्यांना पंचमीलाही येता येईल. मनात असलं पाहिजे. सकाळी सुकती असेल त्या दिवशी पहाटेच्या होडीने या आणि शेडीत बसून राहा. ती म्हणाली, "पहाटे इली तर तेंच्या पोरांका पेज कोण घालतलो? तू?"

मी चिडलो. मालक झाल्यावर चिडणं फार सोपं जातं. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळेच या सगळ्या शेफारल्या आहेत.

चंद्री पलीकडच्या वाडीतली. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासू. अख्खा गर काढावा तो तिनेच. लाकडी मोगरीचा एक ठोका, आणि टरफलाचे दोन भाग बाजूला. काम करताना ती सतत बडबडायची आणि सगळ्यांना हसवायची. तिच्या नावापुढे दोन महिन्यांत दोन फुल्या पडल्या होत्या. दुसरी मी मांडली तेव्हा ती समोर उभी होती आणि म्हणाली, "धनयानू, बारीक मारा हां, वाचणाऱ्याक वाटात मी आळशी." मलाही हसू आलं होतं. तरी फुली मी नेहमीएवढीच मारली.

चौथीच्या संध्याकाळी मुकादमीण कचेरीत आली. ती कधी कचेरीत येत नसे. "भाऊ, उद्या पंचम. नवाच्या आधी उतार मिळाचो नाय. चंद्रीच्या दोन फुल्यो झाल्यो. ती रवाची नाय, पाण्यात घुसतली. उद्याची घंटा थांबव." मी म्हटलं, "एकदा थांबवली की नियम उरत नाही." ती म्हणाली, "मगे नियम नको." मी म्हटलं, "उद्या घंटा आठलाच होईल."  ती पदर खोचून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आठाला पाच कमी असताना मी कचेरीच्या पायरीवर आलो. माडांमधून खाडी दिसत होती. पलीकडच्या बायका पाण्यात उतरलेल्या होत्या, लुगडी वर खोचून, एकमेकींचे हात धरून, एका ओळीत. उतारातून येताना हात धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही, हे त्यांना मुकादमिणीनेच शिकवलेलं. पाणी कमरेच्या वर होतं. अलीकडच्या काठावर मुकादमीण पदर हलवत ओरडत होती. मला वाटलं, ती त्यांना लवकर या म्हणून सांगते आहे. खरंच असं वाटलं. आणि मला आनंद झाला. माझ्या वहीतलं सगळं बरोबर ठरलं होतं. नियम केला की माणसं येतात.

खांबाकडे वळलं की खाडी पाठीमागे जायची. मी घड्याळ बघितलं आणि ठोके द्यायला लागलो. पाचव्या का सहाव्या ठोक्याला ओरडण्याचा आवाज बदलला, तो माझ्या कानांवर आला होता. तरी मी आठही ठोके पुरे केले.

बाकीचं मला बायकांनी सांगितलं. चंद्री ओळीत पहिली होती. घंटा ऐकली तशी ती म्हणाली, "पडली माझी तिसरी," आणि मागचीचा हात सोडून पुढे धावली. पाण्यात धावता येत नाही. चार पावलं गेली असेल. मुकादमीण तिला मागे फिर म्हणून ओरडत होती, पहिल्यापासून तेच ओरडत होती. दुपारी खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांना चंद्री मिळाली. पंचनाम्यात पाय घसरून असं लिहिलं. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. गावात मालकाला असं म्हणायची पद्धत नाही, आणि त्यामुळे ते मला कुणाबरोबर वाटूनही घेता आलं नाही.

कारखाना बंद ठेवला. दहाबारा दिवसांनी मी मुकादमिणीच्या घरी गेलो. ती पडवीत बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून. मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण रडलो हे आठवतं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "माझ्याकडे कित्याक इलास? पलीकडे जावा. होडयेन नको, चलत जावा. येत्या पंचमीक मी येतंय तुमच्यावांगडा." आम्ही दोघंच होतो आणि ती मला 'तुमी' म्हणत होती. पुढे तिने ते कधी बदललं नाही.

पुढच्या पंचमीला साडेनऊच्या सुमाराला आम्ही उतारात उतरलो. पाणी गुडघ्याखाली होतं. तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिने माझे हात कधी बघितले नव्हते, मालकाचे कशाला बघेल. मध्यावर ती थांबली. "हयसर. हयसर तिका तुमची घंटा ऐकाक इली." मी मागे वळून बघितलं. माडांमधून कचेरीची पायरी आणि घंटा स्पष्ट दिसत होती. इतक्या दिवसांत इथून तिकडे बघावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. मुंबईच्या साहेबांनीही कधी सांगितलं नव्हतं.

चंद्रीची सासू अंगणात बसली होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी हात जोडले. तिने एकच विचारलं. "धनयानू, तिची तिसरी फुली पडाक नाय मां? रातभर तां एकच बोलत होती." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरा झाला." मुकादमीण उठून परसात गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

त्यानंतर कारखाना पुन्हा उघडला आणि मुकादमीण महिनाभर कामावर आली. त्या महिन्यात तिने मला तिथीवरून पाण्याची वेळ काढायला शिकवली, पोरांना पाढे शिकवावेत तशी, रोज सकाळी विचारून. चुकलो तर विहिरीवर न्यायची. दारात उभी राहून बायकांचे हातही बघायची, पण आता ती ते पटकन सोडायची. एक दिवस म्हणाली, "माका आता हात बघूक होणा नाय," आणि इन्सुलीला लेकीकडे निघून गेली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

कारखाना पुढे सात-आठ वर्षं तिथीवर चालला. मग खाडीवर पूल झाला आणि वेळेचा प्रश्नच उरला नाही. आता माझा पुतण्या, त्याचे कारखानदार मित्र कधीतरी येतात आणि विचारतात, काका, हाताखालची माणसं कशी सांभाळायची? तुम्ही तर तेच शिकला होता. मी त्यांना घर बघायला सांगतो, विहिरीचं सांगतो. ते मान डोलावतात आणि घड्याळ बघतात. मी त्यांना रागावत नाही. मी त्यांच्याहून वाईट होतो.

मुकादमीण आजारी आहे असा निरोप आला तेव्हा मी इन्सुलीला गेलो. ती माजघरात खाटेवर होती, खूप लहान झाली होती. हात तेवढे तसेच, मनगटापर्यंत काळे. तिने मला जवळ बसवलं आणि माझे दोन्ही हात हातांत घेतले. उलटे केले, परत सुलटे केले. मी आयुष्यात कधी नव्हे इतका घाबरलो होतो. तिने विचारलं, "घंटा खंय आसा?"

म्हटलं, "काढून ठेवलीय. कपाटात."

"कपाटात नको," ती म्हणाली. "रोज दिसात अशी ठेवा."

आणि तिने माझे हात सोडले.