बाळारामच्या वरातीच्या गाडीतला स्टीरिओ

…तर काल गोष्ट अर्ध्यात असताना ताटं वाढली म्हणून हाक आली, आणि बाळाराम पाटलाला दुकानदारापुढे उभं ठेवून मी उठलो. तिथून पुढे जायचं, तर तो तिथे का गेला हे सांगायला हवं.

बाळाराम आमच्या मिरागावचा. बाप मिठागरात राबला, हा जुन्या ॲम्बेसेडरच्या स्टिअरिंगवर बसला. आसपासच्या गावांतला नवरदेव त्याच्याच गाडीतून मांडवात जायचा, तो त्याचा मान. आणीबाणी उठली त्या वर्षी काशीमीऱ्याच्या शिवाने फियाटमध्ये रेडिओ बसवला आणि नवरदेव तिकडे वळले. एका लग्नात नवरदेव उतरला तेव्हा रेडिओवर कांद्याचे बाजारभाव चालू होते. लोक म्हणाले, असू दे, वाजतंय ना.

बाळारामची बायको मंजुळा म्हणाली, "तुमच्या गाडीन नुसती दारां वाजतान."

म्हणून तो मुंबईला दुकानात गेला. बाजारभावाच्या धास्तीने रेडिओ नाकारला, कॅसेटचं मशीन घेतलं. दुकानदार म्हणाला, "सेठ, ये स्टीरियो है. दो स्पीकर. लेफ्ट अलग, राइट अलग." एवढं पाठ करत बाळाराम परतला.

काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकची वायरिंग करणारा दाजी होता, रत्नागिरीकडचा. त्याने डॅशबोर्ड कापून मशीन बसवलं, एक स्पीकर मागच्या सीटमागे लावला. दुसरा उचलला तर बाळाराम म्हणाला, "तो बाहेर, बंपरवर."

"दोन्ही आतच लावतात हो, शेठ."

"दुकानदार सोताच्या तोंडाने बोल्ला, अलग. एक नवरदेवाला, एक वरातीला."

"बरं. गाडी तुमची, स्पीकर तुमचे, माझी फक्त भोकं."

मशीन लावून पाहिलं. दोन्हीकडून काहीतरी वाजलं. शेजारी ट्रकचा पत्रा ठोकत होते, त्यामुळे दोघांचंही समाधान झालं.

मग राघोकाकाच्या मुलाचं लग्न आलं. राघोकाकाचा शब्द गावात चाले. तो म्हणाला, "बाळा, आज नीट झालं तं गावची लग्नां तुझी. न्हाय तं शिवा हायच."

मागच्या सीटवर नवरदेव, त्याच्याशेजारी रखमाबाई धवलारीण. आमच्यात लग्नाचे धवले तीच गाते. भटजीला थांबवता येतं, तिला नाही. धूळ नको म्हणून काचा वर केल्या आणि बाळारामने लग्नगीतांची कॅसेट लावली.

आता त्या कॅसेटमध्ये गाणारी बाई एका बाजूला भरली होती आणि ढोलकी दुसऱ्या. बाई निघाली बंपरवर, ढोलकी आत. बाहेर आम्ही नाचायला हात वर केले ते तसेच राहिले. ठेकाच नाही! एकटी बाई आळवत होती आणि आम्ही मागून कुणाला तरी पोचवायला निघाल्यासारखे चाललो होतो.

आत रखमाबाईला नुसती ढोलकी ऐकू आली. तिला वाटलं, मशीन आपल्यालाच साथ करतंय. नवरीच्या काशीगावापर्यंत ती थांबली नाही.

मांडवापाशी उतरून म्हणाली, "काय अदबीचा मशीन हाय! ठेका धरतंय, मधी तोंड घालत न्हाय."

पोरं मात्र बाळारामवर धावली. "बाळादादा, ही वरात हाय का हरिपाठ?"

वऱ्हाडात दाजीही होता. बंपरला कान लावून तो म्हणाला, "वायरी उलट करतो. ढोलकी बाहेर, बाई आत."

पोरं खूश. राघोकाकाही म्हणाला, "झालं तं मंग. नवरी घेऊन याच गाडीन परत जाव."

रखमाबाईने पदर खोचला. "माझ्या बाजूला दुसरी बाई गानार? मी बसाची न्हाय. शिवाची गाडी बोलवा."

धवलारीण नाही तर वरात नाही. राघोकाकाने बाळारामकडे पाहिलं. दोन स्पीकरचं कौतुक बाळारामने सगळ्या गावाला ऐकवलं होतं. त्याने बंपरकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"मावशे, तू बस. ढोलकी बाहेर घेतो, न त्या बाईची वायर काढूनच टाकतो."