उभ्याने मोजा

बाजारातल्या दुकानदारांनी त्यांचं नाव काटेबाई ठेवलं होतं. ते प्रेमाने ठेवलं असावं, असा त्यांच्या यजमानांचा एकट्याचा समज होता.

बाई सरकारी खात्यात वजनकाटे तपासायच्या. "बघा की, काटा शून्यावर आहे," असं दुकानदार म्हणाला की पितळी वजनं मांडता मांडता त्या म्हणत, "रिकामा काटा सगळ्यांचाच शून्यावर असतो. भार टाकला की खरं कळतं." सव्वीस वर्षं त्या हे म्हणत आल्या होत्या, आणि सव्वीस वर्षं ते कोणालाही आवडलं नव्हतं.

मग वर्षभरात बाई स्वतःच तीनदा पडल्या. दोनदा घरात, खुर्चीतून उठून चार पावलं टाकल्यावर. तिसऱ्यांदा धान्याच्या दुकानात, तपासणी अर्ध्यावर असताना. डोळ्यांपुढे काळोख आला आणि त्या पोत्यांवर आडव्या झाल्या. दुकानदाराने पाणी दिलं आणि तपासणी झाली असं धरून टाकलं.

साहेबांनी त्यांची फिरती बंद करून टेबलाशी बसवलं. "डॉक्टरांकडून कारण लिहून आणा, मग बघू." दोन डॉक्टर झाले. दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून रक्तदाब मोजला, दोघांना तो उत्तम वाटला, आणि दुसऱ्याने 'मानसिक ताण' लिहून दिलं. नणंदेने फोनवर शिक्कामोर्तब केलं, "वहिनी, तू फार मनाला लावून घेतेस. सोड आता ती वजनं."

बाईंनी मनाला लावून घेतलंच. रक्तदाबाचं यंत्र घरी आलं. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून आधी ते दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिलं. मग सोळा दिवस, रोज जाग आल्याबरोबर तोच क्रम: दहा मिनिटं आडवं राहून मोजायचं, उभं राहून एका मिनिटाने, पुन्हा तीन मिनिटांनी. आकडे लिहायला यजमान. नकाशे काढण्यात हयात घालवून निवृत्त झालेले, त्यामुळे आकड्यांचा आलेख दोन रंगांच्या शाईत तयार झाला.

"अहो, हात सोडा. आधार घेतला तर मोजमाप चुकेल."

"चुकू दे. तू पडू नकोस म्हणजे झालं."

"मागे उभे राहा. पण लांब."

आलेख घेऊन दोघं तिसरीकडे, नसांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सवयीने खुर्ची दाखवली. काटेबाई उभ्याच राहिल्या. "बसल्यावर मी पडत नाही, डॉक्टर. उभ्याने मोजा."

डॉक्टरबाईंनी आलेख पाहिला, आणखी एकदा पाहिला, आणि त्यांना आधी दहा मिनिटं आडवं केलं. आडवं असताना वरचा आकडा एकशे अठ्ठावीस. उभं राहून तीन मिनिटांनी ब्याण्णव. नाडीला मात्र या घडामोडीची कोणी खबर दिलेली दिसत नव्हती. दाब एवढा उतरल्यावर तिने धावायला हवं होतं; ती होती तिथेच. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"झोपा आधी."

"आकडा सांगा, मग झोपते."

सांगितला. झोपल्या.

"उभं राहिलं की रक्त खाली उतरतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते वर ठेवायचं काम शरीर आपल्याला न विचारता करतं. ते करणाऱ्या नसा कमजोर झाल्या असाव्यात. कशाने, ते पुढच्या तपासण्यांत बघू. हे आकडे कोणी काढायला सांगितले होते?"

"कोणी नाही," यजमान म्हणाले. "ही काटे तपासते." हे सांगताना त्यांनी शर्टाची कॉलर उगाच सारखी केली.

"'असाव्यात' असंच लिहा," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "नक्की झाल्याशिवाय नक्की लिहू नका. पण आधीच्या कागदावरचा तो 'मानसिक ताण' खोडा, आणि खोडलंय तिथे सही करा."

डॉक्टरबाईंनी खोडलं, सही केली आणि खाली नवं कारण 'असाव्यात'सकट लिहिलं. त्या कागदावर साहेबांनी फिरती परत दिली: डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवायच्या, स्टूल बरोबर न्यायचं, वजनं शिपायाने उचलायची.

पहिल्याच दिवशी बाई धान्याच्या दुकानात गेल्या.

"बाई, त्या दिवशी तपासणी झाली होती की," दुकानदार म्हणाला.

"माझी झाली. तुमच्या काट्याची अर्धी राहिली."

त्या स्टुलावर बसल्या. शिपायाने वीस किलो चढवले. काट्याने ऐंशी ग्रॅम जास्त दाखवले. बाईंनी काटा जप्तीत लिहायला घेतला. बाहेर यजमान शेजारच्या शिंप्याला, त्याने काहीही विचारलेलं नसताना, सोळा दिवसांचा आलेख समजावून सांगत होते.