कुडपणचं गेट आणि मी न बोललेलं वाक्य

ऑक्टोबरमध्ये कोकणात जाऊ नकोस, दमट उकाडा असतो, असं आई म्हणाली होती. पण शनिवार-रविवारला जोडून शुक्रवारची सुट्टी आली आणि ऑफिसमधला सचिन म्हणाला, "मॅडम, हॉटेल कशाला बघताय? आमच्या कुडपणला जा. आई-बाबा आहेत, घर आहे." झालं. फुकटचं घर आणि डोंगरावरची हवा म्हटल्यावर मी कशाला नको म्हणतेय!

दिव्याहून सुटणारी गाडी पकडून वीरला उतरले. स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्याच असतात, महाडपर्यंत शेअर मिळते. बसण्याआधी भाडं विचारून घ्या. महाडला मिसळ खाल्ली (तिखट आहे, दही मागून घ्या) आणि एसटीने पोलादपूर गाठलं. तिथून वर जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. जीप मिळते, पण भरेपर्यंत सुटत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरची सुक्या मासळीची पिशवी निम्मी माझ्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कोनाकडं गो?" सचिनचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "बरी मानसं हायत." घाटात रस्ता पावसाने खाल्लेला आहे. स्वतःची गाडी नेणार असाल तर कशेडीकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांसारखी घाई करू नका.

सचिनचे वडील, मी त्यांना काका म्हणू लागले, जीप थांबते तिथपर्यंत घ्यायला आले होते. घरी काकूंनी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि तळलेली सुकट असं ताट वाढलं. बाहेर ढग अंगणात येऊन बसले होते. मी इतकी खूश होते की ताटाचाही फोटो काढला.

शनिवारी सकाळी ऊन आलं आणि अंगणाचं लोखंडी गेट दिसलं. दोन झडपांचं. मूळचा रंग पापुद्रे धरून सुटलेला, खालचा पत्रा गंजून जाळीदार झालेला. नारिंगी, तपकिरी, मध्येच जांभळट. एका झडपेवर लोखंडी पट्ट्या वळवून 'सचिन' असं नाव वेल्ड केलेलं. मला गंजाचे फोटो काढायची फार हौस. जुने खिळे, बोटींचे तळ, कड्या, असं बरंच साठवलंय मी. पठाराच्या कडेला रेंज मिळते तिथे जाऊन कुडपणचं नाव जोडून फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'इथे गंजालाही घाई नाही.' चाळीसेक जणांना ते लगेच आवडलं. मीही स्वतःवर खूश होऊन न्याहारीला परतले.

दहाच्या सुमारास घरच्या फोनवर सचिनचा कॉल आला. काकांनी फोन माझ्याकडे दिला.

"मॅडम, उद्या मुलीकडची माणसं घर बघायला येतायत. महाडजवळची आहेत. त्यांच्या ग्रुपवर तो फोटो आलाय."

"अरे, पण मी कोणाचं घर ते लिहिलं नाही."

"नाव आहे ना गेटवर. अख्खं गाव पडलं होतं मॅडम, आमचंच गेट दिसलं?"

ऑफिसात तो माझ्याशी इतका मोठा आवाज कधी करत नाही. खरं तर आवाज त्याने तेव्हाही वाढवला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच कडेला धावत जाऊन फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे फिरला होता देव जाणे.

काका पायरीवर बसले होते. मी माफी मागू लागले तर म्हणाले, "फोटो खोटा नाय ताई. गंज हायच. सचिन पयल्या पगारात गेट करून गेला, मंग दर सालाला म्हनतो, बाबा रंग काढू, नि ऱ्हातंच." मग उठले. "चला, पोलादपूरला जाऊन रंग आनू."

खाली जाणारी जीप मिळाली. हार्डवेअरच्या दुकानदाराला मी सांगितलं, उद्या सकाळी चकचकीत दिसलं पाहिजे. तो म्हणाला, "तारेच्या ब्रशने घासा, पॉलिश पेपर मारा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल अस्तराचा, हात द्या. तो पुरता सुकल्यावर ऑइल पेंट. आज-उद्यात नाही व्हायचं. गंजावरच रंग फासलात तर उद्या दिसेल झकास, पण पुढच्या पावसात पापुद्रा धरणार."

"चालेल," मी म्हटलं. काकांच्या आधी मीच. पुढचा पाऊस माझ्या खिजगणतीतही नव्हता. मला फक्त माझी लाज झाकायची होती, आणि ती दुसऱ्याच्या गेटावर रंग फासून.

काकांनी दोन्ही डबे घेतले, लाल अस्तराचा आणि निळ्या ऑइल पेंटचा. वर आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पावने एक दिस येनार. गेट पावसात उभा ऱ्हानार. आज लालच मारा." विषय संपला. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत घासत होतो, मग दिव्याच्या उजेडात लाल हात दिला. गंजाची भुकटी नाकातोंडात गेली, काकूंच्या पातळावर तांबडे डाग पडले. ज्या रंगाला मी सकाळी सुंदर म्हटलं, तो काकूंनी दोनदा साबण लावूनही हातावरून जाईना.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा आणि एक आत्या. गेट विटकरी लाल, अर्धवट दिसत होतं. मामांनी कडी धरली, बोटाला रंग लागला का बघितलं आणि विचारलं, "फोटोतला गेट तो हाच काय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, तो फोटो मी काढला; हे लोक असे निष्काळजी नाहीत. एक वाक्य. पण आता मी कोण, कुठली, काकांच्या घरात कशी, असे प्रश्न येतील, अवघड होईल, असं मनात आलं आणि मी बशा काकूंच्या हातात दिल्या.

"होय, हाच," काका म्हणाले. "एका पावन्यानं काढला हुता. रंगाचं काम चालू हाय." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवायलाच पाहिलं नाही. चहा पिऊन पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. मी दुपारच्या जीपने निघाले. काकूंनी नाचणीचं पीठ बांधून दिलं आणि मी ते घेतलं.

परत येऊन महिना होत आला. पाहुण्यांकडून अजून काही कळलेलं नाही. गेटामुळे असेलच असं नाही, असं सचिनच म्हणतो, मला बरं वाटावं म्हणून. तसा तो पूर्वीसारखाच वागतो. त्याने चार शब्द सुनावले असते तर सुटले असते.

हे लिहिण्याआधी या खेपेला मी विचारलं. सचिन म्हणाला, नावं बदला आणि बाबांना विचारा. नावं बदलली आहेत, गेटावरचंही. त्या मामांना हे वाचायला मिळावं, म्हणून याची लिंक त्यांच्यापर्यंत सचिनच पोहोचवणार आहे. मामा, तो फोटो मी काढला होता. मी दारातच उभी होते.

काकांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "टाका. पन आता गेट कसा हाय, त्ये पन लिवा."

त्यांनी सांगितलं तसं लिहिते. गेट निळं आहे. खालच्या पट्टीपर्यंत, दोन हात दिलेलं, निळं आहे.