थकबाकीवर दहा टक्के सूट

खोकेशेठ वसुलीला निघाले, की समजावं, आज नवी उधारी होणार. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणारा हा माणूस इतका भिडस्त, की स्वतःचेच पैसे मागताना चेहरा ओशाळा! बेकरीवाल्याकडे जुनं बिल घेऊन गेले, त्याचं मंदीचं रडगाणं ऐकून डोळे पुसत परत आले. येताना नवी ऑर्डर आणली. तीही उधारच.

"लावलेत दिवे!" बायको म्हणाली. हिशेब तिच्याकडे असे. "शनिवारी दोन्ही कामगारांचा पगार द्यायचाय. कशातून देऊ, गोंदाच्या डब्यातून?"

मग शेठनी डोकं चालवलं. नेमकं तेच करायला नको होतं. शेडच्या दारावर पाटी लागली: जुनी थकबाकी एकरकमी भरा, दहा टक्के सूट मिळवा. तोंड उघडून मागायला नको, कुणाचं मन दुखवायला नको. वा रे वा! बेकरीवाला धावत आला, सूट कापून पैसे देऊन गेला. शेठच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते पैसे पुठ्ठेवाल्याने आपल्या बाकीपोटी त्याच संध्याकाळी नेले, ही गोष्ट वेगळी.

आता पगाराची सगळी भिस्त चपलांच्या दुकानवाल्या ताईंवर. माल हातात, पैसे टेबलावर, असा त्यांचा खाक्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी साधं 'बसा' म्हटलं नव्हतं. शनिवारी त्या आल्या, पर्स उघडली आणि पाटी वाचली.

"मला किती सूट?"

"तुमची कुठे थकबाकी, ताई? तुम्ही तर वेळेवर देता."

"अस्सं! म्हणजे चूक माझीच." पर्स बंद झाली. "मग हे बिल जरा जुनं होऊ दे. येईन सूट घ्यायला."

शेवटचं खोकं तर शेठनी स्वतः टेम्पोत चढवून दिलं.

बायकोला रडूच फुटायचं बाकी होतं. "आता जा आणि त्या दोघांना तुम्हीच सांगा. माझी जीभ नाही रेटत."

दोघे हातपाय धुऊन दारात उभे होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं शेठना.

"सोमवारी देतो," ते कसेबसे म्हणाले.

"बरं," थोरला कामगार म्हणाला. "आज घरी काय सांगू, तेवढं सांगा."