ओहोटी नसलेली नदी

अलीमियाँसारखा गप्प माणूस मी शारजात दुसरा पाहिला नाही. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तो कॅम्पातला सुतार, मी स्टोअरचा क्लार्क. तो रत्नागिरीकडचा, मी मुरुडकडचा. मी दिवसभर बडबडायचो आणि तो हं हं करायचा. कधी कधी मला संताप यायचा, म्हणायचो, "अरे बाबा, भिंतीशी बोलतोय की माणसाशी?" त्यावरही हं.

गोष्ट चौसष्ट सालची. कॅम्पात गोरे ऑफिसर होते आणि गुरुवारी दुपारी सगळं काम खलास झालं की मेसच्या मागच्या खोलीत ते लढाई खेळायचे. हसू नका, खरंच खेळायचे! मोठ्या टेबलावर शिशाचे बोटभर सैनिक, घोडे, तोफा. दीडशे वर्षांपूर्वीची युरोपातली लढाई. पट्टीने मोजून सैन्य पुढे सरकवायचं, पायदळाला एका मूव्हला सहा इंच, घोड्यांना बारा. मग फासे टाकायचे. मिशा पिकलेली माणसं, पण एखादा घोडा मेला तर तोंड असं पाडायची की घरातलं कोणी गेलं.

ते टेबल अलीमियाँने बनवलेलं. पॅकिंगच्या खोक्यांचं प्लायवूड, वर रंग. कॅप्टनने त्याला एक नदीही करायला सांगितली होती. कॅप्टनची कल्पना सरळ निळ्या पट्टीची. अलीमियाँने काय करावं? वळणंवळणांची नदी केली. आतल्या वळणाला फिका निळा, बाहेरच्या वळणाला गडद. कॅप्टन म्हणाला, हे काय? अलीमियाँ म्हणाला, "साहब, अंदर रेती जमता है, पानी कम. बाहर पानी काटता है, गहरा." गडी मुळात नावाडी! वडलांच्या तरीवर वीस वर्षं खाडी ओलांडून माणसं पोचवलेली.

कॅप्टन खूश झाला. तोवर त्यांचा नियम असा होता की नदीकाठी पोचलं की सैन्याने एक मूव्ह थांबायचं, पुढच्या मूव्हला पलीकडे. कुठूनही. आता नियम बदलले. फिक्या पाण्यातून पायदळ अर्ध्या चालीने जाणार. गडद पाण्यात पूल नाहीतर होडी. पाण्यात असताना हल्ला झाला तर निम्मंच बळ धरायचं. आणि तोफांना फक्त पूल, नाहीतर खडकाळ तळाची उथळ जागा. नदीने सगळा खेळच बदलून टाकला. अर्धं सैन्य अलीकडे, अर्धं पलीकडे, अशा वेळी बरोबर मार बसायचा. अलीमियाँ लांब काठीने सैनिक सरकवायला उभा असायचा आणि मी उगाच, चहाच्या निमित्ताने.

आता त्याच्या पोटातलं सांगतो. अलीमियाँ इकडे आला तेव्हा त्याची बायको मरियमबी पोटुशी होती. मुलगी झाली, बिलकीस. साडेतीन वर्षांची झाली, पण बापाने तोंड पाहिलं नव्हतं. रजेचा अर्ज मेजरच्या टेबलावर पडून होता. बुधवारी दुबईहून मुंबईची बोट. ती गेली की दुसरा सुतार रजेवर जाणार होता, म्हणजे अलीमियाँला पुढचं वर्ष. हा मेजर म्हणजे कॅप्टनचा खेळातला वैरी. हरला की दोन दिवस कोणाशी नीट बोलायचा नाही.

त्या गुरुवारी कॅप्टनने एक डाव रचला. सगळी नदी एकाच रंगात रंगवून घेतली. कुठे खोल, कुठे उथळ, ते एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलं. माहीत फक्त त्याला आणि अलीमियाँला. नियम असा की मेजरने ओलांडण्याआधी गावच्या नावाड्याला विचारायचं. नावाडी कोण, तर आपला अलीमियाँ. नावाडी खरं सांगेल किंवा फसवेल, लढाईत दोन्ही होतं. कॅप्टनने त्याच्या कानात सांगून ठेवलं, "मेजर विचारेल तेव्हा हो म्हण." तोफा बुडाल्या की खेळ खलास.

मीही त्याला सकाळपासून तेच सांगत होतो, वेगळ्या कारणाने. कॅप्टनचा डाव मला तेव्हा ठाऊक नव्हता. "मेजर विचारेल त्याला हो म्हण. त्याचा मूड सांभाळ. अर्ज त्याच्या हातात आहे, डोक्यात घाल जरा!"

"हं."

मेजरचं सैन्य नदीला भिडलं. नऊ तोफा, मागे सगळं पायदळ. वळणाशी एक जागा त्याने हेरली आणि बोट ठेवून विचारलं, "इधर से जाएगा?" आवाज असा की उत्तर त्याने आधीच ठरवलंय. कॅप्टन खिडकीबाहेर बघतोय. मी अलीमियाँकडे बघून मान हलवतोय, हो, हो! सगळ्यांना ‘हो’च हवं होतं.

अलीमियाँ बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. पाणी कसलं, रंगवलेलं प्लायवूड. मग म्हणाला, "नहीं साहब. इधर अभी नको. तोफ डूबेगा, आदमी जाएगा."

कॅप्टनने कपाळाला हात लावला. मेजर लाल झाला. "तो किधर से?"

"इधरसेच साहब. पण दो मूव्ह रुकने का. ओहोटी लगने दो. फिर पानी उतर जाएगा."

दोघांना ओहोटी कळेना. मी इंग्रजीत सांगितलं. असा हशा उसळला की आचारी धावत आला. कॅप्टन हसत हसत म्हणाला, "अली, ही नदी समुद्रापासून चारशे मैल आत आहे. तिला भरती-ओहोटी नाही!"

अलीमियाँ खुळ्यासारखा बघत राहिला. नदीला ओहोटी नाही? खोटं कशाला बोलू, मलाही ते तेव्हाच कळलं. आमच्याकडे नदी म्हणजे खाडी. दुबईतही खाडीच. दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकंच पक्कं. ऑफिसरांच्या हसण्याने माझे कान तापले, पण मीही ओठ दाबून हसलोच.

मेजर तेवढा हसला नाही. तोफा फिरवून त्याने पुलाकडे नेल्या. तीन मूव्ह गेल्या. तोवर कॅप्टनचं पायदळ पुलाच्या तोंडाशी. मेजरचे निम्मे लोक पुलावर, निम्मे मागे, आणि समोरून मार. संध्याकाळच्या आत मेजर हरला, टोपी उचलून निघून गेला.

खोलीवर मी अलीमियाँला नाही नाही ते बोललो. "शिशाचे सैनिक बुडाले असते तर तुझं काय जात होतं? आता बस पोरीचं नाव घेत वर्षभर! अक्कल गहाण ठेवली होतीस का?" ट्रंकेत पोरीसाठी घेतलेला लाल फ्रॉक होता, तो काढून त्याने परत घडी घातली. मला इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन बसलो.

शनिवारी मेजरने त्याला ऑफिसात बोलावलं. दुभाष्या म्हणून मलाही. अर्ज समोर पडलेला, सही नाही. मेजरने विचारलं, "मला हो ऐकायचं होतं, हे तुला कळत होतं. रजा माझ्या हातात आहे, हेही कळत होतं. खेळ होता. मग नाही का म्हणालास?"

अलीमियाँ उभ्याउभ्या बोलायला लागला. चार वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं एका दमात.

"साहेब, माझा धाकटा भाऊ, अहमद. चौदा वर्षांचा. शेवटची फेरी होती, बाप दमला होता. वाळूच्या दांड्यावरून गेलं तर लवकर घरी पोचलो असतो. मी पुढे बांबू घेऊन. बापाने विचारलं, पाणी आहे ना रे? त्याला हो ऐकायचं होतं. मी हो म्हणालो. बांबू टाकून बघितलासुद्धा नाही. होडी वाळूत रुतली. अहमद ढकलायला खाली उतरला. पलीकडे खोल होतं आणि ओहोटी जोरात. तिसऱ्या दिवशी सापडला. बाप मला कधी एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून पाण्याबद्दल कोणी विचारलं तर माझ्या तोंडून खोटं हो निघत नाही, साहेब. लाकडाचं पाणी असलं तरी."

मी इंग्रजीत सांगत होतो. चार वर्षं मी या माणसाला भिंत म्हणत होतो!

मेजरने सगळं ऐकून घेतलं. मग सही केली, शिक्का मारला आणि अर्ज त्याच्या हातात दिला. "पुढच्या खेळापासून," तो मला म्हणाला, "नावाड्याला खोटं बोलायला कोणी सांगायचं नाही. कॅप्टनला कळव."

बुधवारी मी त्याला सोडायला दुबईला गेलो. बोट लांब समुद्रात उभी होती, तिथवर न्यायला लाँच यायची होती. धक्क्यावर ट्रंकेवर बसलेला अलीमियाँ एकाएकी माझ्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

"हमदुल्ला, पोर मला ओळखेल का रे?"

हो ओळखेल, रक्ताचं नातं आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. निरोप देताना माणूस असंच काहीतरी बोलतो. पण त्याच्याकडे बघितलं आणि ते मला बोलवेना.

"नाही ओळखणार," मी म्हणालो. "घाबरेल तुला. आईच्या मागे लपेल. पाचसात दिवस तरी जवळ येणार नाही."

अलीमियाँच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण त्याने मान हलवली, गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं आणि माझा हात घट्ट धरला.

"पाचसात दिवस ना?" तो म्हणाला. "मग ठीक आहे. रजा दोन महिन्यांची आहे."