हळदीपायी हिराबायची लस हुकवली

बबन्या, सख्ख्या आईला लशीच्या लायनीतून उठवून नेताना लाज नाय वाटली तुला? ग्रुपवाल्यांनो, नमस्कार. आता तुमीपण ऐका.

आज गावच्या शाळेत लस होती. मी आणि बबन्याची आई हिराबाय सकाळी सहापासून बसलेलो. हिराबाय माज्याहून थोरली, त्यात दमेकरी. तिचा नंबर आला आणि बबन्या टपकला.

"आये, उठ. सुईनं ताप येतो. उद्या पोराची हळद हाय. घरातलं थोरलं माणूसच आडवं पडलं तर लोक पाया कुणाच्या पडतील?"

नर्सबाय म्हणाली, "दादा, तापावर गोळी देते."

"म्याडम, आमच्याकडं शुभकार्य हाय," म्हणाला आणि म्हातारीला गाडीवर घालून घेऊन गेला.

कसलं शुभकार्य रे? परवानगी पन्नास माणसांची, मटण सांगितलंय चारशेंचं. डीजे वेगळाच. ती चारशे माणसं मास्क हनुवटीला लटकवून दमेकरी म्हातारीसमोर वाकणार, खोकणार, वर आशीर्वाद मागणार. ताप दोन दिवसांत उतरला असता, गाढवा!

दुपारी बबन्याच्या बायकोचा फोन, "मावशी, धवले म्हणायला लवकर या." चाळीस वर्षं या गावच्या लग्नांत मी धवले गायले. उद्या नाय येणार. दुसरी बाय शोधा.

परवा परत लस हाय. हिराबायला तू आणतोस, का मी रिक्षा घेऊन दारात येऊ? उत्तर बबन्यानंच द्यायचं, बायकोला पुढं करायचं नाय. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकू नका.